वाचकांचे प्रश्न : रस काढल्यावर संत्रे कडू का होते?

हिवाळा लागला की या सदराकडे संत्र्यांविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा ती इतकी आली की संपूर्ण सदर याच एका फळाला द्यावे लागत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत, मात्र प्रश्नांचा रोख तसाच ठेवला आहे.

प्रश्न (नागपूर येथील वाचक भगिनी) : सकाळी मिक्सरमधून काढून ठेवलेला संत्र्याचा रस दुपारी प्यावा तर कडू झालेला असतो. त्याच पेटीतील फळ सोलून खाल्ले तर ते मात्र गोड लागते. फळांवर काही फवारलेले असते का?

उत्तर : हा दोष फवारणीचा नाही. कडवटपणा फळाच्याच अंगचा आहे, मात्र फळ अखंड असते तोवर तो तयार झालेला नसतो. संत्र्याच्या पाकळ्यांवरील पापुद्र्यात, सालीखालच्या पांढऱ्या थरात आणि बियांमध्ये एक द्रव्य असते, जे स्वतः कडू नसते, पण 'लिमोनिन' या अत्यंत कडू द्रव्याचे पूर्वरूप असते. जिवंत पेशींमध्ये ते आम्लापासून वेगळे राहते. रस काढताना पापुद्रे फाटतात, हे पूर्वरूप आंबट रसात उतरते आणि त्याच्या रेणूतील एक उघडे कडे आम्लाच्या सान्निध्यात हळूहळू बंद होऊन लिमोनिन तयार होते. या 'हळूहळू'मुळेच ताजा रस गोड लागतो आणि काही तासांनी तोच रस कडू लागतो. रसायनशास्त्रात याला विलंबित कडवटपणा म्हणतात.

यासाठी लिमोनिनही फारसे लागत नाही. एक लिटर रसात साखर 80 ग्रॅमच्या आसपास असते, आणि तेवढ्याच रसात लिमोनिन साधारण 6 मिलिग्रॅम झाले तरी बहुतेकांच्या जिभेला ते जाणवते. म्हणूनच वरून साखर घातल्याने कडूपणा थोडा झाकला जातो, पण जात नाही. रस उकळल्यास किंवा गरम केल्यास हीच क्रिया अधिक वेगाने होते, त्यामुळे रस टिकवण्यासाठी तापवला की तो कडू होतो ही नागपुरी संत्र्यावर प्रक्रिया करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. मोठ्या कारखान्यांत रस विशिष्ट रेझिनच्या थरातून नेऊन त्यातील लिमोनिन शोषून घेतात. घरी तशी सोय नसते.

घरी करण्यासारखा उपाय साधा आहे. मिक्सरच्या पात्यांखाली पापुद्रे आणि बिया दोन्ही चिरडल्या जातात, म्हणून मिक्सर टाळावा. फळ आडवे कापून हाताच्या लिंबूपिळणीवर हलकेच पिळावे, शेवटच्या थेंबापर्यंत दाबण्याचा मोह सोडावा, रस लगेच गाळावा आणि तासाभरात प्यावा. फळ पूर्ण पक्व असेल तर त्रास आणखी कमी होतो, कारण झाडावर फळ पिकत जाते तसे हे पूर्वरूप साखरेच्या रेणूशी बांधले जाऊन बेचव होते आणि त्या रूपात ते मग कडू होऊ शकत नाही. हंगामाच्या सुरुवातीची घाईने तोडलेली फळे रसात अधिक कडू होतात, त्याचे कारण हेच.

लिमोनिन ज्या रासायनिक गटात मोडते, त्याच गटात कडुनिंबातील कडू द्रव्येही येतात. संत्र्याचे कूळ म्हणजे बेलाचे आणि कढीपत्त्याचेही कूळ, आणि कडुनिंबाचे कूळ त्याच्या फार दूरचे नाही. पपनसाचा कडूपणा मात्र वेगळा आहे. तो नारिंजिन या द्रव्याचा असतो आणि पहिल्या घोटालाच जाणवतो, त्याला थांबावे लागत नाही.

प्रश्न (वरूड तालुक्यातील बागायतदार) : व्यापाऱ्याने बागेत येऊन चार फळांचा रस एका दुर्बिणीसारख्या यंत्रावर पाहिला, 'आकडा 9 आला, माल पाणचट आहे' असे सांगितले आणि भाव पाडला. आमच्या घरी सर्वांना तीच फळे गोड लागली. खरे काय मानायचे, यंत्र की जीभ?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. ते यंत्र म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. रसातून जाताना प्रकाश किती वाकतो यावरून रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ किती टक्के आहेत हे ते दाखवते, आणि त्या मापाला ब्रिक्स म्हणतात. संत्र्याच्या रसात साधारण 87 ते 89 टक्के पाणी असते. उरलेल्या विद्राव्य भागात सर्वांत मोठा वाटा साखरेचा, त्याखालोखाल सायट्रिक आम्लाचा, आणि मग थोडी अमिनो आम्ले, पोटॅशियमसारखे क्षार व इतर द्रव्ये. साखरही एकच नसते. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, सुमारे अर्धी आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज उरलेल्या अर्ध्यात जवळजवळ समसमान असतात. यंत्राला या सर्वांतला भेद कळत नाही. ते आम्लही साखरेच्याच खात्यात मोजते.

जिभेला मात्र साखर एकटी कळत नाही, ती आम्लाच्या तुलनेत कळते. म्हणून रसाची गोडी ठरवताना ब्रिक्सला आम्लतेच्या टक्क्याने भागतात. समजा, एका फळात ब्रिक्स 11 आणि आम्लता 1.1 टक्के आहे, तर गुणोत्तर 10 येईल आणि फळ स्पष्टपणे आंबट लागेल. दुसऱ्या फळात ब्रिक्स 9 पण आम्लता 0.5 टक्के असेल, तर गुणोत्तर 18 होईल आणि तेच फळ अधिक गोड वाटेल. आपल्या घरच्यांना गोड लागलेली फळे बहुधा या दुसऱ्या प्रकारची असावीत. पण व्यापाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिक्स आणि आम्ल दोन्ही कमी असलेले फळ गोड लागले तरी त्याची चव फिकी असते, आणि रस कारखान्यात जाणार असेल तर तेथे लिटरमागे किती घन पदार्थ मिळतात यावरच पैसा ठरतो. तेव्हा 9 हा आकडा अगदी निरर्थक नाही, पण आम्लतेशिवाय तो अर्धाच आहे.

आम्लता काढणे अवघड नाही. कृषी महाविद्यालयाच्या किंवा एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही हे होऊ शकते. गाळलेला 10 मिलिलिटर रस घ्यावा, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबावे. लागलेल्या मिलिलिटरांना 0.064 ने गुणले की सायट्रिक आम्लाचा टक्का मिळतो. 12.5 मिलिलिटर लागले तर आम्लता 0.8 टक्के.

आता त्या चार फळांविषयी. माझ्या मते आपली खरी तक्रार येथे असायला हवी. एकाच झाडावरील फळांत मोठी तफावत असते. बाहेरच्या बाजूला, उन्हात वाढलेल्या फळाचा ब्रिक्स फांद्यांच्या आतील सावलीतल्या फळापेक्षा जास्त असतो. इतकेच काय, एकाच फळातही देठाकडील अर्ध्या भागापेक्षा खालचा अर्धा भाग अधिक गोड असतो, आणि फळ खाताना हा फरक कोणालाही पडताळून पाहता येईल. म्हणून बागेच्या निरनिराळ्या भागांतील, झाडाच्या चारही बाजूंची आणि आतली-बाहेरची निदान 20-25 फळे तोडून, सर्वांचा पूर्ण रस एकत्र करून मगच आकडा घ्यावा. यंत्र आधी शुद्ध पाण्यावर शून्य दाखवते की नाही हे पाहावे, काच पुसलेली असावी आणि रस उन्हात तापलेला नसावा. व्यापाऱ्याने यातले काय केले होते हे आपण पत्रात लिहिलेले नाही.

फळ पाणचट होण्याची कारणे बागेतच सापडतात. तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिले किंवा अवकाळी पाऊस झाला तर रस वाढतो आणि घन पदार्थ विरळ होतात. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर कलम केलेली झाडे जोमदार वाढतात आणि फळही मोठे देतात, पण त्या खुंटावर रसातील साखर व आम्ल दोन्ही तुलनेने कमी राहतात, हे जगभर अनेक देशांत दिसून आले आहे. नत्र जास्त झाले की साल जाड होते आणि रंग उशिरा येतो. बहारानुसारही फरक पडतो. आंबिया बहाराचे फळ पावसाळा अंगावर घेऊन वाढते आणि दिवाळीच्या आसपास तोडणीला येते. मृग बहाराचे फळ थंडीत भरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणून सर्वसाधारणपणे त्याला रंग आणि गोडी चांगली येते. हे आपल्याला सांगायला नकोच. फक्त मृगाचा बहार पावसाच्या लहरीवर टिकून असतो, हेही आपणच जाणता.

प्रश्न (कोल्हापूर येथील वाचक) : बाजारात मिळणारी हिरवट संत्री आंब्याप्रमाणे गवताच्या आढीत ठेवल्यास गोड होतील का?

उत्तर : होणार नाहीत. कैरीत पिष्ट साठवलेले असते आणि आढीत त्याची साखर होते. केळ्याचेही तसेच. संत्र्यात असा साठा नसतो, त्याची सर्व साखर पानांतून देठावाटे येते, आणि देठ तुटला की ती आवक कायमची थांबते. ठेवलेल्या फळातील थोडे आम्ल श्वसनात खर्च होते, त्यामुळे काही दिवसांनी आंबटपणा किंचित कमी जाणवेल, एवढेच.

रंगाचा आणि गोडीचा संबंधही आपण समजतो तितका घट्ट नाही. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि ते नाहीसे होण्यासाठी रात्री थंड असाव्या लागतात. उष्ण दमट प्रदेशांत पूर्ण पिकलेले फळही हिरवेच राहते, आपली मोसंबी हे त्याचे रोजचे उदाहरण आहे. व्हॅलेन्शिया जातीची पिवळीधमक झालेली फळे झाडावर उन्हाळ्यापर्यंत राहिली तर पुन्हा हिरवी पडू लागतात. उलट, हिरवट फळे इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून त्यांचा रंग बदलता येतो. त्याने हरितद्रव्य जाऊन आधीपासून असलेले केशरी कॅरोटिनॉइड उघडे पडतात, आत साखर वाढत नाही. म्हणून बाजारात रंगापेक्षा हातातील वजन पाहावे. आकाराच्या मानाने जड फळ रसदार असते.

प्रश्न (पुणे येथील वाचक) : खोक्यातील संत्र्याच्या रसाची चव वर्षभर अगदी एकसारखी कशी राहते? आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मुलीकडे प्यायलेल्या रसाला नागपुरी संत्र्याची चव मुळीच नव्हती, ती का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. इंग्रजीत ज्याला ऑरेंज ज्यूस म्हणतात तो आपल्या संत्र्याचा रस नसतो. आपले संत्रे सैल सालीचे, म्हणजे मँडरिन वर्गातील. जगाच्या बाजारातील रस घट्ट सालीच्या गोड नारिंगाचा असतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जालन्याची मोसंबी त्या फळाच्या अधिक जवळची आहे, कारण दोन्ही एकाच प्रजातीतील आहेत. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार ऑरेंज ज्यूसमध्ये मँडरिनचा वाटा विद्राव्य घटकांच्या 10 टक्क्यांपर्यंतच चालतो. सुगंधातही फरक आहे. दोन्हींच्या सालीच्या तेलात लिमोनीन हेच मुख्य द्रव्य, पण मँडरिनला त्याचा खास वास देणारी थोड्या प्रमाणातील द्रव्ये निराळी असतात. (हे लिमोनीन आणि वरच्या उत्तरातले कडू लिमोनिन यांत मराठीत केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असला तरी ती अगदी भिन्न द्रव्ये आहेत. मुद्रितशोधकांनी कृपया सांभाळावे.)

आता एकसारख्या चवीविषयी. ब्राझीलमधील साओ पाउलो हा या व्यापाराचा सर्वांत मोठा प्रदेश आहे. तेथे 11-12 ब्रिक्सचा रस निर्वात यंत्रांत आटवून सुमारे 65 ब्रिक्सचा घट्ट अर्क करतात, तो गोठवून जहाजांतून पाठवतात आणि विकणाऱ्या देशात त्यात पुन्हा पाणी मिसळून आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे निदान 11.2 ब्रिक्सला आणतात. आटवताना सुगंध वाफेबरोबर उडतो. तो वेगळा गोळा करून शेवटी परत मिसळला जातो. निरनिराळ्या हंगामांतील अर्क एकमेकांत मिसळून ब्रिक्स आणि आम्लाचे गुणोत्तर ठरावीक ठेवले जाते. झाड दरवर्षी वेगळे फळ देते, कारखाना तो वेगळेपणा पुसून टाकतो. मला व्यक्तिशः हा तोटा वाटतो, पण ग्राहकाला तीच चव हवी असते हेही खरे.

रस तापवण्यामागेही एक कमी माहीत असलेले कारण आहे. फळात पेक्टिन या चिकट द्रव्याच्या रेणूत बदल घडवणारे एक विकर असते. ते जिवंत राहिले तर रसातील पेक्टिन कॅल्शियमशी जुळून तळाशी बसते आणि वर पिवळसर नितळ पाणी उरते. घरी काढलेल्या रसात तासाभरात दिसणारा थर हाच, आणि तो खराब झाल्याची खूण नव्हे. आंबट रसातील जंतू मारण्यासाठी लागते त्यापेक्षा अधिक उष्णता या विकराला निकामी करण्यासाठी लागते, म्हणून रस काही सेकंद 90 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात.

खोक्यावरील शब्दांकडे मात्र नीट पाहावे. जून 2024 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, अर्कात पाणी मिसळून बनवलेल्या रसांच्या वेष्टनावरून व जाहिरातींतून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि किलोमागे 15 ग्रॅमपेक्षा जास्त गोडी वरून घातली असल्यास 'गोड केलेला रस' असे लिहिणे आवश्यक असल्याची आठवण करून दिली. 'फ्रूट ड्रिंक' या नावाखाली तर संत्र्याचा रस केवळ 10 टक्के असला तरी कायद्याला चालतो.

भेसळ ओळखण्याची रीत मोठी रंजक आहे. उसाची साखर घातली तर ती कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते, कारण ऊस आणि संत्रे हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने बांधतात आणि जड कार्बनचे प्रमाण दोघांच्या साखरेत भिन्न असते. बीटाची साखर या कसोटीतून सुटते, कारण बीट आणि संत्रे यांची पद्धत एकच. मग अमिनो आम्ले, पोटॅशियम, आयसोसायट्रिक आम्ल अशा अनेक घटकांची एकत्र तपासणी करतात. साखर आणि सायट्रिक आम्ल बाजारात पोत्याने मिळतात, पण हे बाकीचे घटक योग्य प्रमाणात जुळवणे भेसळ करणाऱ्याला महाग पडते.

प्रश्न (ठाणे येथील वाचक) : रस रात्रभर शीतकपाटात ठेवल्यास क जीवनसत्त्व नष्ट होते का? तांब्याच्या भांड्यात ठेवला तर?

उत्तर : झाकण असलेल्या, काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीत एका रात्रीत फार नुकसान होत नाही. आंबट माध्यमात हे जीवनसत्त्व बरेच टिकते. चवीचे नुकसान त्याआधी होते. तांब्याचे भांडे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तांब्याचे अंश क जीवनसत्त्वाच्या ऑक्सिडीकरणाला वेग देतात, शिवाय आंबट रसात तांबे उतरते. आपल्याकडे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात ठेवत नसत, ते योग्यच होते.

प्रमाण सांगायचे तर मँडरिन वर्गातील संत्र्यात दर 100 ग्रॅममागे 25-30 मिलिग्रॅम आणि गोड नारिंगात 50 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज 80 व स्त्रीला 65 मिलिग्रॅम लागते. दोन-तीन संत्र्यांत बहुतेक काम भागते. पेरूत याच्या कित्येक पट असते, पण पेरूला तो मान मिळत नाही. फळ खाणे रसापेक्षा बरे, कारण 100 ग्रॅम फळातील दोन ग्रॅमच्या आसपासचा चोथा रसात नाममात्र उरतो आणि साखर मात्र तेवढीच राहते. 200 मिलिलिटर रसात, वरून काहीही न घालता, सुमारे 16-17 ग्रॅम साखर असते.

प्रश्न (परभणी येथील इयत्ता आठवीचा वाचक) : संत्र्याची साल मेणबत्तीजवळ दाबली की ठिणग्या का उडतात, आणि फुग्याजवळ दाबली की फुगा का फुटतो?

उत्तर : सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत. साल दुमडली की त्या फुटतात आणि तेलाचा फवारा उडतो. या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. ते ज्वलनशील आहे, म्हणून ज्योतीत गेलेले थेंब तडतडून पेटतात. रबर लिमोनीनमध्ये मऊ पडून विरघळू लागते. ताणलेल्या फुग्याच्या पातळ रबरावर एक थेंब पडला की तेवढी जागा कमकुवत होते आणि आतल्या हवेच्या दाबाने फुगा फुटतो. प्रयोग जुन्या, वाळलेल्या सालीने करून पाहिल्यास बहुधा फसेल, कारण तेल उडून गेलेले असते. तो मोठ्या माणसासमोर, डोळ्यांपासून दूर करावा. हे तेल डोळ्यात गेले तर चांगलेच झोंबते, आणि तसे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत.